केंद्र क्रमांक १८७ कितव्या फेरीत येतं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं देशाबाहेरून आली आहेत आणि चौघांचाही प्रश्न आपल्याकडच्या निवडणुकीचा आहे. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी १९८९ मध्ये सातारा जिल्ह्यात महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले, पुढे अव्वल कारकून झाले आणि २०२१ मध्ये नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. या नोकरीतली बरीच वर्षं निवडणूक शाखेत गेली. मतपत्रिकांचे गठ्ठे मोजत दुसरा दिवस उजाडलेला मी पाहिला आहे आणि यंत्रावरची मोजणीही पाहिली आहे.

काकू, मी वाई तालुक्यातला. सहा वर्षांपासून नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करतो. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या निकालासाठी मी रात्रभर जागा होतो. लॅपटॉपवर दोन वाहिन्या, मोबाइलवर तिसरी आणि चार व्हॉट्सॲप गट उघडे होते. आकडे दर मिनिटाला बदलत होते. सकाळी डोकं जड झालं होतं आणि आपल्या मतदारसंघात नेमकं काय झालं हे मला धड सांगताही आलं नसतं. त्याच्या आधी आठवडाभर घरच्या गटावर मी प्रचाराचे व्हिडिओ टाकत होतो. त्यावरून वडील म्हणाले, "तिथं बसून आम्हाला शिकवू नकोस." मी गट सोडला. तेव्हापासून आमचं बोलणं औषधं आणि बँकेपुरतंच उरलंय. पुढच्या निवडणुकीत असं होऊ नये म्हणून काय करू? निवडणूक बघायचीच सोडून देऊ का?

सोडू नका. त्या रात्री मीही तुमच्यासारखीच जागी होते आणि तुमच्यापासून फार लांबही नव्हते. लेकीच्या बाळंतपणासाठी मी ऑक्टोबरच्या शेवटी जर्मनीत श्टुटगार्टला गेले होते. तिकीट उन्हाळ्यातच काढलेलं. विधानसभेची तारीख १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे माझं मतदान हुकणार हे त्याच दिवशी कळलं. १९८४ ला पहिलं मत दिलं तेव्हापासून एकदाही चुकवलं नव्हतं. तेव्हा एकवीस पूर्ण असावे लागायचे. मत देऊन आल्यावर आईनं औक्षण केलं होतं. २० तारखेला दुपारी आमच्या ह्यांनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. मी तो लेकीला दाखवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

मोजणी आपल्याकडे सकाळी आठला सुरू होते, तेव्हा नोव्हेंबरात जर्मनीत आणि नेदरलँड्सला पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. बाळ त्याच सुमाराला दुधाला उठायचं. लेक त्याला घेऊन बसली आणि तिनं मोबाइलवर वाहिनी लावली. आठ वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर "अमुक आघाडीवर, तमुक पिछाडीवर" सुरू झालं. मी तिला म्हटलं, बंद कर ते. आत्ता टपाली मतपत्रिकांची पाकिटं फोडताहेत. यंत्रांची मोजणी साडेआठला सुरू होईल.

तुम्ही रात्रभर काय पाहिलंत ते आता सांगते. मोजणीच्या खोलीत साधारणपणे चौदा टेबलं असतात. पहिल्या फेरीत केंद्र क्रमांक १ ते १४ ची कंट्रोल युनिट, म्हणजे यंत्राचा मतं साठवणारा भाग, टेबलांवर येतात, दुसऱ्या फेरीत १५ ते २८, असं पुढे. केंद्रांचे क्रमांक मतदारसंघाच्या एका टोकापासून सलग गावांनी दिलेले असतात. म्हणून पहिल्या तीन-चार फेऱ्या म्हणजे मतदारसंघाचा एक कोपरा. तो कोपरा एखाद्या उमेदवाराचा घरचा असला की तो पाच हजारांनी पुढे दिसतो आणि वाहिनीवर गुलाल उधळायला सुरुवात होते. दहाव्या फेरीला दुसऱ्या बाजूची गावं लागतात आणि आकडा उलटतो. गावाकडच्या माणसाला यात नवल वाटत नाही. "अजून आमच्याकडच्या पेट्या फुटायच्यात," असं तो पूर्वीपासून म्हणत आलाय.

तुमच्या गावच्या केंद्राचा क्रमांक मतदार यादीच्या भागावर छापलेला असतो. समजा तो १८७ आहे. चौदा टेबलं धरली तर तेरा फेऱ्यांत १८२ केंद्रं होतात, म्हणजे तुमचं गाव चौदाव्या फेरीत. २०२४ ला महाराष्ट्रात एक लाखावर केंद्रं होती आणि २८८ मतदारसंघ. सरासरी काढली तर एका मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास केंद्रं आणि पंचवीसेक फेऱ्या येतात. चौदावी फेरी दुपारची. तुमच्याकडे तोवर सकाळ झालेली असेल. रात्रभर जागायची काही गरज नव्हती.

वाहिनीचा आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळाचा आकडा जुळत नाही, यावरूनही गटांवर फार गोंधळ होतो. प्रत्येक फेरी संपली की टेबलांवरचे तक्ते एकत्र होतात, बेरीज तपासली जाते, निवडणूक निर्णय अधिकारी आणि निरीक्षक सही करतात आणि मग तो आकडा संकेतस्थळावर चढतो. वाहिनीचा माणूस आतल्या प्रतिनिधींकडून कानावर आलेलं आधीच सांगतो. एक-दोन फेऱ्यांचा फरक पडतोच. यात कुणी लपवाछपवी केली असं समजू नका. मी स्वतः ते तक्ते भरले आहेत. एक बेरीज चुकली तर अख्खी फेरी थांबते आणि सगळे उमेदवारांचे प्रतिनिधी टेबलावर वाकतात.

मतदानोत्तर चाचण्यांचंही तेच. १ जून २०२४ ला संध्याकाळी साडेसहानंतर आलेल्या लोकसभेच्या बहुतेक चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं. ४ जूनला ती २९३ वर थांबली. त्याच निवडणुकीत मुंबई वायव्यचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी, साकोली २०८ मतांनी. अशा ठिकाणी शेवटची फेरी संपेपर्यंत आत बसलेल्यालाही काही सांगता येत नाही. मग वाहिनीवरचा माणूस काय सांगणार?

माझं म्हणणं असं की राज्याचं चित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावं आणि निकालाच्या दिवशी एकच मतदारसंघ बघावा, आपला. आयोगाच्या पानावर तो फेरीनिहाय दिसतो. काही दिवसांनी नमुना २० म्हणून अंतिम तक्ता मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येतो. त्यात प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. आपल्या वस्तीवरच्या शाळेत काय घडलं ते त्या एका ओळीत सापडतं. मला तो तक्ता वाचताना गावं डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यातल्या कितीतरी केंद्रांवर मी साहित्य पोचवलंय. कांदाटी खोऱ्यात तापोळ्याहून लाँचनं जावं लागायचं. यंत्र मांडीवर घेऊन बसलेला केंद्राध्यक्ष मला अजून दिसतो.

आता वडिलांचं. यासाठीच तुमचं पत्र पहिलं घेतलं.

त्यांचं वाक्य तुम्हाला लागलं, पण ते कुठून आलं ते बघा. तुम्ही पाठवत होतात ते पक्षांच्या भांडणाचे व्हिडिओ. वडिलांपुढे पाण्याची पाळी आहे, सोसायटीचं कर्ज आहे, ऊसतोडीची टोळी कुणाच्या फडात आधी जाते हा प्रश्न आहे. ज्याच्या प्रचाराची खिल्ली तुम्ही गटावर उडवलीत, त्याचा गावातला कार्यकर्ता कदाचित रात्री दोन वाजता त्यांना दवाखान्यात घेऊन जाणारा असेल. निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी पारावर त्यांना त्याच माणसांत बसायचं असतं. तुम्ही तेव्हा ऑफिसात असता. त्यांना निवडणूक कळत नाही असं नाही. गावात राहून जी कळते ती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळते.

२३ तारखेला मी एक केलं, तेच तुम्ही पुढच्या वेळी करून बघा. पहाटे आमच्या ह्यांना फोन लावला. मी इथून फेरी आणि आकडा सांगायची, ते तिथून त्या फेरीत कोणती गावं ते सांगायचे. "सातवीत खंडाळ्याकडची लागली का गं?" असं त्यांनी विचारायचं, मी आकडा वाचायचा, मग त्या गावात यंदा काय झालं ते त्यांनी सांगायचं. दीड तास बोललो. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. आम्ही दोघं एका पक्षाचे नाही आणि इतक्या वर्षांत कुणी कुणाला मत दिलं हे मी त्यांना विचारलेलं नाही, त्यांनी मला नाही. तुम्हीही वडिलांना ते विचारू नका. मताची गुप्तता मुलापासूनही असते.

आणि निवडणुकीची वाट कशाला बघता? या रविवारी फोन करा आणि टोळी आली का एवढंच विचारा. पुढचं ते सांगतील.

मॅडम, मी चिपळूण तालुक्यातला, दुबईत एसी दुरुस्तीचं काम करतो. बारा वर्षं झाली. २०२४ च्या लोकसभेला ७ मे ही तारीख कळल्यावर मी रजा टाकली, स्वतःच्या पैशानं तिकीट काढलं आणि गावी गेलो. केंद्रावर यादीत नावच नाही. आधार दाखवलं, जुनं मतदार ओळखपत्र दाखवलं, उपयोग झाला नाही. शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर परत फिरावं लागलं. माझ्या मागं रांगेत माझी म्हातारी होती, तिचं नाव होतं. माझं नाव कुणी काढलं? मी भारतीय नाही का?

तुम्ही शंभर टक्के भारतीय आहात आणि तुमच्या मताचा हक्क शाबूत आहे. पटांगणातून परत फिरलात हे वाचून मला वाईट वाटलं. केंद्राध्यक्ष म्हणून मी अशी माणसं परत पाठवली आहेत. यादीत नाव नसेल तर त्याच्या हातात काही नसतं. पण समोरच्याचा चेहरा घरी आल्यावरही आठवत राहतो.

बहुधा असं झालं असेल. यादीच्या पडताळणीला बीएलओ, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी, दारात आले, घरात कोण कोण राहतं विचारलं, तुमच्या आईनं खरं ते सांगितलं की मुलगा दुबईला असतो. त्यांनी "स्थलांतरित" अशी नोंद केली. नाव वगळण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, तशी नोटीस घरी येते. ती आईनं इतर कागदांबरोबर ट्रंकेत ठेवली असेल. तिचा दोष नाही. नेहमीच्या यादीसाठी त्या पत्त्यावर नेहमी राहणारा माणूस लागतो, आणि परदेशात राहणाऱ्याची नोंदणी वेगळी असते हे गावात कुणी सांगतच नाही. हे सांगायचं काम आमच्या खात्याचं होतं आणि ते आम्ही पुरेसं केलं नाही, असं माझं मत आहे.

ही वेगळी नोंदणी फेब्रुवारी २०११ पासून आहे. त्यासाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०-अ हे कलम घातलं गेलं. नोकरी, शिक्षण किंवा इतर कारणानं देशाबाहेर राहणारा, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेला भारतीय आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालू शकतो. नमुना ६-अ भरायचा. आयोगाच्या मतदार पोर्टलवर तो मोबाइलवरूनही भरता येतो. फोटो, पासपोर्टची फोटो आणि पत्त्याची पानं आणि चालू व्हिसाचं पान जोडायचं. त्यानंतर बीएलओ तुमच्या घरी येऊन खात्री करतात. म्हणून आईला आधीच सांगून ठेवा, आणि पासपोर्टची एक प्रत तिच्याकडे द्या. घरी सांगायला कुणी नसेल तर कागद त्या देशातल्या आपल्या वकिलातीकडे पडताळणीला जातात. त्यात वेळ जातो.

पासपोर्टवर पत्ता कोणता आहे ते बघा. आखातात जाणाऱ्या कोकणातल्या कितीतरी पोरांच्या पासपोर्टवर मुंबईतल्या मामाच्या किंवा गाळ्यावरच्या खोलीचा पत्ता असतो. तसं असेल तर तुमचं नाव चिपळूणला नाही, मुंबईतल्या त्या मतदारसंघात लागेल. गावातच मत द्यायचं असेल तर पासपोर्टवरचा पत्ता आधी बदलून घ्या.

नाव लागल्यावर ते गावच्या यादीच्या शेवटी, परदेशस्थ मतदारांच्या वेगळ्या भागात दिसेल. पुढच्या वेळी केंद्रावर कुणी "नाव नाही" म्हणालं तर शेवटचं पान उलटायला सांगा. नवं ओळखपत्र मिळत नाही, जुनं परत द्यावं लागतं. मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊनच जायचं, त्याची झेरॉक्स चालत नाही, आधारही चालत नाही. कायमचे परत आलात की नेहमीच्या यादीत पुन्हा नोंद करायची.

निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव घालता येत नाही. २०२४ च्या विधानसभेला घोषणा १५ ऑक्टोबरची आणि अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरपर्यंत. फक्त चौदा दिवस. दुबईतून तेवढ्यात पडताळणी होणं कठीण. आजच भरा.

एवढं सगळं करून मत द्यायला मात्र तुम्हालाच यावं लागतं, आणि या नियमाबद्दल मला मनापासून तक्रार आहे. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नावं यादीत होती. प्रत्यक्ष येऊन मत दिलं २,९५८ जणांनी. त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. बाकी सगळ्या देशाचे मिळून उरतात २८८. आपल्या विधानसभेच्या जागाही २८८. म्हणजे एका जागेमागे एक माणूस धरा, तोही महाराष्ट्राचा नाही, केरळ सोडून अख्ख्या देशाचा. केरळची माणसं आखातातून गटानं येतात, त्यांच्या संघटना आधीपासून नावनोंदणीच्या मागे लागतात. आपल्या रत्नागिरी-रायगडकडून दोन-तीन पिढ्या आखातात जाताहेत, पण असं काम आपल्याकडे उभं राहिलेलं नाही.

मी स्वतः कितीतरी वेळा टपालानं मत दिलंय. घरापासून वीस किलोमीटरवर ड्यूटी लागली की मला टपाली मतपत्रिका मिळायची, कारण त्या दिवशी मी माझ्या केंद्रावर जाऊ शकत नव्हते. सैनिकांना आणि वकिलातीतल्या कर्मचाऱ्यांना ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं जाते आणि टपालानं परत येते. मग दुबईत छतावर चढून एसी दुरुस्त करणाऱ्याला का नाही? प्रयत्न झाले आहेत. प्रतिनिधीमार्फत मत देण्याची तरतूद असलेलं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत मंजूर झालं नाही आणि २०१९ ला लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झालं. ते बाद झालं याचं मला दुःख नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या हाती मत देणं म्हणजे काय ते मी गावात पाहिलंय. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगानं परदेशस्थांनाही टपाली मतपत्रिका देण्याचा प्रस्ताव कायदा मंत्रालयाला दिला. तो रस्ता मला योग्य वाटतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीची निवडणूक होती. लेकीच्या शेजारच्या आजोबांनी आपलं मत लाल पाकिटात घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. कारण विचारलं जात नाही, कुणीही मागू शकतं. लेकीनं मला त्या पेटीचा फोटो पाठवला होता. तो मी अजून ठेवला आहे. तुम्ही नाव मात्र घालून ठेवा. नियम बदलायचा झाला तर यादीत किती माणसं आहेत हेच आधी विचारलं जाईल.

ताई, मी मूळची कोल्हापूरची, न्यू जर्सीत एकतीस वर्षं आहे. २००९ ला अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड आहे. विधानसभेच्या निकालाला इथं रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मी पहाटेपर्यंत बसले. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "तुला काय करायचंय आता त्याचं?" मला खरंच काही करायचं नाही का? शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा उभा राहणार आहे म्हणतात. त्याला थोडे पैसे पाठवू का?

पैसे पाठवू नका. हे आधी सांगते, कारण त्यात तो मुलगा अडचणीत येईल. तुम्ही आता परदेशी नागरिक आहात, आणि परदेशी पैसा घ्यायला आपल्याकडे राजकीय पक्षांना आणि उमेदवारांना कायद्यानं मनाई आहे. रक्कम छोटी असली तरी. भावाच्या खात्यातून फिरवूनही नको.

मतदानाचा हक्कही नाही. ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. कार्डाच्या नावात "नागरिक" हा शब्द असल्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. त्या कार्डानं येणं-जाणं, राहणं, बहुतेक व्यवहार करता येतात, मतदार म्हणून नोंद होत नाही. कोल्हापूरला तुमचं जुनं नाव अजून यादीत दिसत असेल तर ते नमुना ७ भरून काढून टाका. "असू दे, कुणाला कळतंय" असं कुणी म्हणालं तरी ठेवू नका. खोट्या नोंदीला शिक्षा आहे, आणि शिक्षा नसती तरी तुमच्या नावावर दुसऱ्यानं मत टाकावं असं तुम्हाला वाटणार नाही.

भावाचं बोलणं मात्र मला पटलं नाही. ज्या पेठेत तुम्ही वाढलात, जिथं पंचगंगेचं पाणी २०१९ ला आणि २०२१ ला घराघरात शिरलं, तिथला आमदार कोण होतो याची काळजी वाटायला मतदार ओळखपत्र लागत नाही. तुम्ही पहाटेपर्यंत बसलात ते माया आहे म्हणून. भावाला पुन्हा फोन करा, पण निकालाच्या रात्री नको. त्या रात्री तिकडे सकाळ असते, तोही टीव्हीपुढे असतो, आणि कुणाचं तरी हरत असतं.

आणि तिथलं तुमचं मत द्या. तिथल्या शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीलाही. एकतीस वर्षांत तेही तुमचं गाव झालं असेल.

काकू, मी मेलबर्नला शिकतो. माझी आजी इचलकरंजीत असते, वय ८७, गुडघे गेलेत. ती म्हणते, पुढच्या निवडणुकीला ती घरूनच मत देणार. हे खरं आहे का? तिला मतपत्रिका वाचायला त्रास होतो, तर त्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर राहून तिला सांगितलं तर चालेल का?

तुझी आजी बरोबर बोलते आहे. लोकसभा आणि विधानसभेला ८५ वर्षांवरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना घरी टपाली मतपत्रिकेनं मत देता येतं. आधी ही वयाची अट ८० होती, मार्च २०२४ मध्ये ८५ झाली. नमुना १२ डी भरायचा असतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात आणि भरलेला घेऊन जातात. एकदा घरून मतदान मंजूर झालं की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ऐन वेळी आजीला "रिक्षानं जाऊन येऊ" वाटलं तरी उपयोग नाही. हे तिला आधी सांग. काही आजींना केंद्रावर चार ओळखीची माणसं भेटतात तेच हवं असतं.

व्हिडिओ कॉल अजिबात नको. पथकातले कर्मचारी चित्रीकरण करतात ते प्रक्रियेचं. आजी खूण करत असताना आडोसा धरतात. त्या आडोशात दुसऱ्या कुणाचा आवाजही नको, नातवाचासुद्धा नको. दिसत नसेल आणि स्वतः खूण करणं जमतच नसेल तर मदतीला एक प्रौढ माणूस घेता येतो, पण तो तिनं निवडलेला आणि खोलीत हजर असलेला हवा. तुझ्या पत्रावरून वाटतं की तिला वाचता येतं, फक्त अक्षर बारीक दिसतं. मग चष्म्याचा नंबर आत्ताच तपासून घ्यायला घरच्यांना सांग.

पथक कोणत्या दिवशी येणार ते आधी कळवतात. पहिल्या वेळी भेट झाली नाही तर दुसऱ्यांदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. त्या दोन दिवसांत तिला कुणाकडे मुक्कामाला नेऊ नका.